जर्मनीत सरकारी विद्यापीठात मेडिकल की नर्सिंग? लातूरच्या मुलीला उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बारावी सायन्स झाली, नीटला सरकारी एमबीबीएसपुरते गुण आले नाहीत, जर्मनीत सरकारी विद्यापीठात फी नसते असं ऐकलंस, आणि विचारतेस, "ताई, मेडिसिनला जाऊ, फिजिओला की नर्सिंगला? पप्पा दोन एकर विकायला तयार आहेत." मी सोलापूरची. पूर्व जर्मनीत हालेला सरकारी विद्यापीठात नर्सिंगची पदवी केली, आता इथेच रुग्णालयात काम करते. सगळ्यात आधी हेच सांगते: जमिनीला हात लावू नका. आधी जर्मन शीक, बाकीचं सगळं नंतर.

मेडिसिनचं स्पष्ट सांगते. इथला अभ्यासक्रम सहा वर्षं तीन महिन्यांचा, पूर्ण जर्मनमध्ये, आणि प्रवेशाला भाषेची पातळी सी-वन लागते (भाषेच्या पायऱ्या ए-वन ते सी-टू अशा सहा, बी-वन तिसरी, सी-वन पाचवी). युरोपबाहेरच्या मुलांसाठी जागा अगदी मोजक्या असतात. नुसत्या बारावीवर थेट प्रवेश मिळत नाही. आधी श्टुडिएनकोलेग नावाचं एक वर्ष करावं लागतं, मेडिकलसाठी त्यातला एम-कोर्स, आणि शेवटी परीक्षा. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट एजंट सांगत नाहीत. परदेशातली वैद्यकीय पदवी घेऊन भारतात डॉक्टरकी करायची, तर आपल्या वैद्यकीय आयोगाचा २०२१ चा नियम आहे: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि शिकण्याचं माध्यम इंग्रजी हवं. जर्मन माध्यमातली पदवी तिथेच अडकते. म्हणजे मेडिसिन निवडलंस तर मागे यायची वाट बंद आहे असं धरूनच निवड. आई-बाबांनाही हे आजच सांग.

फिजिओथेरपी इथे बहुतेक मुलं विद्यापीठात नाही, तीन वर्षांच्या व्यावसायिक शाळेत शिकतात. तुला पदवीच हवी असेल तर तो रस्ता अरुंद आहे.

आता नर्सिंग. इथे दोन वाटा आहेत. एक म्हणजे आउसबिल्डुंग, तीन वर्षांचं प्रशिक्षण, शाळा आणि रुग्णालय मिळून. लातुरात सध्या ज्याच्या जाहिराती दिसतात ते बहुधा हेच. ते चांगलंच आहे, पण ती पदवी नव्हे. दुसरी वाट विद्यापीठाची. कायद्याने किमान ४,६०० तास, त्यातले निदान २,३०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ, आणि पदवीबरोबरच सरकारी परीक्षा. २०२४ पासून या पदवीच्या मुलांनाही शिकत असताना पगार मिळतो. माझ्या वेळी तो नव्हता. आठवडाभर वॉर्डात विनामोबदला राबायचं आणि शनिवार-रविवार पहाटे बेकरीत पाव भरायचे, अशी वर्षं काढली. तुला ते करावं लागणार नाही याचा मला खरंच आनंद आहे.

एक मात्र मनाशी नीट विचारून बघ. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालायला, भरवायला नातेवाईक असतात, मावशी असतात. इथे ते नर्सचं काम आहे, पदवीवालीचंसुद्धा. नव्वदीच्या आजोबांचं अंग पुसताना त्यांची लाज राखता येणं, हे इथे पहिल्या महिन्यात शिकवतात. मला आधी अवघड गेलं. आता वाटतं, रुग्णाला मी सगळ्यात जास्त तिथेच ओळखते. जखम कुठे लाल झाली, श्वास कधी बदलला, ते तेव्हाच कळतं.

आणि भाषा. एजंटने मला बी-वन पुरेल म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या सत्रात वॉर्डात होते. शहाऐंशी वर्षांच्या आजी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मला जरा ब्ल्यूमेरांट वाटतंय." ब्लूमे म्हणजे फूल, एवढंच मला माहीत. मी खिडकीतल्या फुलदाणीकडे पाहिलं, फुलं छान आहेत म्हणाले. वळून बघते तर त्यांचे ओठ पांढरे पडलेले. मागून सिस्टर धावत आली, त्यांना आडवं केलं, पाय वर घेतले, बीपी लावला. तो शब्द जुन्या पिढीचा, फ्रेंचमधून आलेला, आणि अर्थ आपल्या "कसंतरी होतंय, भोवळ येतेय" इतकाच. आजी वाचल्या, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या आजीने "कसंतरी होतंय" म्हटलं की आपण पुस्तक शोधत बसतो का? इथे जर्मनसाठी तेवढे कान तयार व्हायला हवेत. काही शब्द मात्र घरचेच निघतात. हातापायाला मुंग्या येतात त्याला जर्मनही मुंग्यांचं चालणंच म्हणतात, आमाइझनलाउफन. तो ऐकला तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पैशाचं थोडक्यात. फी नसली तरी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ मिळतात. हा पैसा तुझाच, खर्चायलाच असतो, पण आधी उभा करावा लागतो. सत्राचं शुल्क दोनशे-तीनशे युरो, आरोग्यविमा महिन्याला साधारण दीडशे. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये मात्र बाहेरच्या देशांच्या मुलांना सत्राला १,५०० युरो फी आहे, २०१७ पासून. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने याच राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, म्हणून त्याचं नाव तुझ्या कानावर आलं असेल; पदवीला जाताना ही फी लक्षात ठेव. भारतातल्या शिक्षणाच्या कागदपत्रांची एपीएस, म्हणजे जर्मनीच्या तपासणी कार्यालयाकडून होणारी पडताळणी २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीची आहे, तिला वेळ लागतो.

पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्येही जर्मन शिकवतात. बीएस्सी नर्सिंगला भारतातच प्रवेश मिळत असेल तर तो घे आणि सोबत भाषा चालू ठेव. भारतात पदवीची वर्षं झालेली असली की पुढचे दरवाजे सोपे होतात. एजंटला आगाऊ एक रुपया देऊ नकोस, अर्ज विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून स्वतःला करता येतो. बी-वनची परीक्षा पास झालीस की मला कळव. तेव्हा कोणत्या विद्यापीठांना अर्ज करायचा ते आपण दोघी बसून बघू, आणि पप्पांशीही मी बोलेन.