वाहनसल्ला : हिमालयन ४५० की केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर?

प्रश्न : मी कराडजवळच्या एका गावात राहतो. वय ४२ वर्षे, उंची पाच फूट सहा इंच. गेली अकरा वर्षे १५० सीसीची गाडी वापरत आहे. महिन्यातून एकदा कुंभार्ली घाटाने चिपळूणला सासुरवाडीस जाणे, अधूनमधून पुणे, आणि पुढच्या जूनअखेरीस मनालीमार्गे लेह असा बेत असून बहुतेक वेळी सौभाग्यवती मागे असतील. रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० आणि केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर एस या दोन गाड्या मनात आहेत. कागदावर केटीएमची ताकद ४६ अश्वशक्ती आणि हिमालयनची ४०. शिवाय केटीएम बारा-तेरा किलोने हलकी. असे असूनही मित्रमंडळी हिमालयनच घे म्हणतात, ते का? — एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आपल्या मित्रांचे उत्तर बरोबर आहे. मात्र ‘बुलेटवाल्यांची गाडी म्हणजे दणकट’ एवढ्यावरच ते हे सांगत असतील, तर ते कारण मला पटणारे नाही, कारण नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या या हिमालयनचा जुन्या बुलेटशी नावापलीकडे फारसा संबंध उरलेला नाही. ४५२ सीसीचे, पाण्याने थंड होणारे, सहा गिअरचे हे इंजिन कंपनीने नव्याने घडवले असून त्याचा स्वभावही वेगळा आहे.

प्रथम त्या सहा अश्वशक्तींचा हिशेब पाहू. दोन्ही इंजिनांचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळजवळ सारखा आहे : हिमालयनचा ४० न्यूटन-मीटर, केटीएमचा ३९. फरक आहे तो हा टॉर्क इंजिन किती फिरल्यावर मिळतो यात. हिमालयन तो ५५०० आरपीएमला (मिनिटाला ५५०० फेऱ्यांना) देते, तर केटीएमला त्यासाठी आणखी सुमारे हजार फेरे वर जावे लागते, आणि तिची जास्तीची ताकद त्याच्याही वर, ८५०० आरपीएमच्या आसपास मिळते. आता आपल्या कुंभार्ली घाटातले एखादे चढाचे वळण डोळ्यांसमोर आणा. पुढे उसाची नव्हे तर चिऱ्याची ट्रक, मागे सौभाग्यवती, दोन्ही बाजूंना बॅगा, आणि वळणाच्या आतल्या अंगाला पावसाने उखडलेला रस्ता. तिथे दुसऱ्या गिअरवर इंजिन तीन-चार हजार फेऱ्यांत असते. साडेआठ हजारांवरची ताकद तिथे हाताशी येत नाही. तीन ते सहा हजारांच्या या पट्ट्यात हिमालयन न कुरकुरता ओढते. तीन हजारांच्या खाली मात्र तीही आळसावते, तेव्हा तिसऱ्या गिअरवरच वळण काढण्याची आपल्या जुन्या गाडीची सवय सोडून गिअर वेळेवर उतरवावा लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

राहिला महामार्ग. चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि त्या वेगाला दोन्ही गाड्या सहाव्या गिअरवर निवांत असतात. कराड ते पुणे या प्रवासात सहा अश्वशक्तींचा उपयोग झालाच तर एखादी एसटी ओलांडताना होईल.

लेहच्या वाटेवर तांगलांग ला ही खिंड सुमारे ५३०० मीटर उंचीवर आहे, आणि तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास ४० टक्क्यांनी विरळ असते. फ्युएल इंजेक्शनमुळे इंजिन धूर ओकत नाही की गुदमरत नाही, पण जी हवाच नाही ती कोणतेही इंजेक्शन आणू शकत नाही. म्हणजे ढोबळमानाने ४६ चे २७-२८ होतात आणि ४० चे २४. दोन माणसे आणि सामान घेऊन खडीच्या चढावर चाललेल्या गाडीला हा तीन-साडेतीन अश्वशक्तींचा फरक फारसा जाणवत नाही. खालच्या फेऱ्यांतली ओढ मात्र तिथे पावलोपावली लागते.

त्याहून महत्त्वाची आहे ती टाकी. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पेट्रोल पंपाजवळची पाटी प्रसिद्ध आहे : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. हिमालयनची टाकी १७ लिटरची, केटीएमची साडेचौदा लिटरची. एरवी दोन्ही गाड्या लिटरला २८ ते ३० किलोमीटर जातात असे धरले, तरी दोन माणसे, बॅगा, विरळ हवा आणि सतत पहिला-दुसरा गिअर अशा स्थितीत मी २५ च्या वर हिशेब करणार नाही. १७ लिटरांत ४२५ किलोमीटर होतात. साडेचौदा लिटरांत ३६२.५. पाटीवरच्या आकड्याला अडीच किलोमीटर कमी! केटीएम घेतल्यास पाच लिटरचा कॅन बांधावा लागेल, तो बांधायला जागा शोधावी लागेल, आणि आधीच भरलेल्या गाडीच्या शेपटाशी आणखी वजन येईल. यामुळे काही आभाळ कोसळत नाही. हजारो लोक कॅन बांधून जातातच. परंतु ज्या तेरा किलोंसाठी आपण केटीएमकडे पाहत आहात, त्यांतले चार-साडेचार किलो असे परत येतात.

वजनाबद्दल मात्र आपली शंका योग्य आहे, आणि हिमालयनचे १९६ किलो ही खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट आहे. गेल्या पावसाळ्यात गुहागरकडच्या एका जांभ्याच्या रस्त्यावर माझी एवढ्याच वजनाची गाडी शेवाळावरून सरकून आडवी झाली. मी तिला हँडल धरून, कंबरेत वाकून उचलायला गेलो आणि दोनदा पाय घसरून पुन्हा तिच्यावरच बसलो. शेवटी म्हशी घेऊन चाललेल्या एका आजोबांनी काठी बाजूला ठेवली आणि “अहो, तिच्याकडं पाठ करा” म्हणाले. त्यांनी आयुष्यात मोटारसायकल उचलली नसेल, चिखलात रुतलेल्या बैलगाडीचे जू मात्र पुष्कळदा उचलले असणार. तीच रीत बरोबर आहे : गाडी गिअरमध्ये टाकायची; उजव्या कुशीवर पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा; मग आसनाला पाठ लावून बसायचे, एका हाताने हँडलची मूठ, दुसऱ्याने मागची पकड धरायची, आणि कंबर ताठ ठेवून फक्त मांड्यांच्या जोरावर लहान पावले टाकत मागे रेटायचे. आपण गाडी घेण्याआधी ओळखीच्या कोणाची तरी मोठी गाडी गवतावर आडवी करून हे दोनदा करून पाहावे. जमले, तर तेरा किलोंची चिंता सोडून द्यावी. मुळीच जमले नाही, तर केटीएमचाच विचार करावा, आणि तसे ठरवण्यात कमीपणा नाही.

आसनाची उंची दोन्हींची ८२५ ते ८३० मिलिमीटरच्या घरात आहे. आपल्या उंचीला दोन्ही पाय पूर्ण टेकणार नाहीत. चवडे टेकतील, आणि एक पाय सपाट टेकवायचा तर किंचित सरकून बसावे लागेल. हिमालयनला याहून कमी उंचीचे आसन वेगळे मिळते, ते आपण अवश्य घ्यावे. मुख्य म्हणजे शोरूममध्ये गाडीवर एकटे बसून पाय मोजू नका. सौभाग्यवतींना सोबत न्या, त्यांना मागे चढू-उतरू द्या. बाजूच्या बॅगा बसवल्यावर पाय कोणत्या वाटेने पलीकडे न्यायचा हा प्रश्न चालवणाऱ्याच्या कधी लक्षातच येत नाही, आणि पहिल्याच चहाच्या थांब्यावर त्यावरून घरगुती वाद होतो. मला स्वतःला हिमालयनचे मागचे आसन अधिक रुंद व मऊ वाटले. केटीएमचे टणक आहे.

केटीएम काय देते तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मागचे चाक घसरू लागल्यास ताकद आपोआप कमी करणारे ट्रॅक्शन कंट्रोल, ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारे आणि वळणातही काम करणारे एबीएस, क्रूझ कंट्रोल, क्लच न दाबता गिअर बदलण्याची सोय आणि आपल्या वजनाप्रमाणे पुढून-मागून जुळवून घेता येणारे सस्पेन्शन हे सर्व तिच्यात आहे. हिमालयनमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल नाही, ही मला तिची खरी उणीव वाटते. ओल्या घाटात उजव्या मनगटालाच ते काम करावे लागते. पुढचे सस्पेन्शन तिच्यात जुळवता येत नाही, मागच्या शॉकअपचा ताण तेवढा बदलता येतो. तो दोघांसाठी वाढवून घेण्यास विसरू नका, अन्यथा मागचा भाग बसतो, पुढचा दिवा झाडांच्या शेंड्यांवर पडतो आणि हँडल हलके लागते.

एक शेवटची सूचना. हिमालयन प्रथम आली तेव्हा तिच्या आऱ्यांच्या चाकांत ट्यूब असे. नंतर कंपनीने ट्यूबलेस आऱ्यांच्या चाकांचा पर्याय दिला. थोडे जास्त पैसे गेले तरी तोच घ्या. लेहच्या वाटेवरील पांगच्या माळावर ट्यूब काढण्यासाठी मागचे चाक खोलणे आणि टायरला बाहेरून दोरी मारून पुढे निघणे यांत दीड-दोन तासांचा फरक पडतो, आणि त्या उंचीवर चाकाचा नट सैल करतानाही धाप लागते.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. वय २८, उंची सहा फूट. दर दोन महिन्यांनी एकटाच बंगळूरला जातो, सुट्टीला मुळशी-ताम्हिणीकडच्या कच्च्या वाटा. मला ३९० अ‍ॅडव्हेंचर आवडली आहे, पण केटीएमची दिवाळखोरी झाल्याचे वाचले. उद्या सुटे भाग मिळाले नाहीत तर? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपण ३९० अ‍ॅडव्हेंचर एस घ्यावी. वरच्या उत्तरात ज्या गोष्टी हिमालयनच्या बाजूने गेल्या, त्यांतली एकही आपल्याला लागू होत नाही : मागे कोणी नाही, सामान थोडे, पाय लांब आणि रस्त्यात पंप जागोजागी. पुणे-बंगळूर हे साडेआठशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर एका दमात कापताना क्रूझ कंट्रोलचा मोल उजव्या मनगटाला हुबळीच्या पुढे कळतो, आणि कच्च्या वाटेवर हलकी, जुळवून घेता येणारी गाडी आपल्या वयाला अधिक शिकवेल. कच्ची वाट सोडून दिलीत, तर १९ इंची अलॉय चाकाची एक्स ही तिची स्वस्त बहीण डांबरी वळणांत अधिक चपळ आहे. परंतु ताम्हिणीच्या दगडांत एसचे २१ इंची आऱ्यांचे चाकच हवे.

दिवाळखोरीची बातमी खरी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियातील केटीएमने न्यायालयात पुनर्रचनेचा अर्ज केला, फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी आपल्या येण्याच्या ३० टक्क्यांवर तडजोड मान्य केली आणि त्यासाठीचा पैसा उभा केला तो मुख्यतः बजाजने. २००७ पासून भागीदार असलेल्या बजाजकडे त्याच वर्षअखेरीस कंपनीचे नियंत्रणही आले. आपल्याला घ्यायची असलेली गाडी ऑस्ट्रियातल्या मॅटिघोफेनला नव्हे, आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर चाकणला तयार होते. सुट्या भागांची काळजी ऑस्ट्रियातल्या ग्राहकाने एक वेळ करावी. पुण्यातल्या ग्राहकाने आपल्या सर्व्हिस सेंटरात आरसा, क्लचची दांडी आणि गिअरची दांडी हे पडल्यावर हमखास तुटणारे तीन भाग आज शिल्लक आहेत का एवढे विचारावे.

प्रश्न : दोन्ही नव्या गाड्या ऐपतीबाहेर आहेत, त्यातच ३५० सीसीवरच्या गाड्यांचा जीएसटी ४० टक्के झाला. जुनी हिमालयन ४११ किंवा २०२० ची ३९० अ‍ॅडव्हेंचर घ्यावी का? वापर कोकणातच. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : घ्यावी, आणि आपली उंची बेताची असल्यास ४११ घ्यावी. तिची ताकद २५ अश्वशक्तींहूनही कमी आणि वजन १९९ किलो, त्यामुळे महामार्गावर ती कंटाळा आणते; पण आसन ८०० मिलिमीटरवर आहे, ओढ अगदी खालून आहे आणि यंत्र साधे असल्याने गावातल्या अनुभवी मेकॅनिकलाही ते कळते. २०२० च्या ३९० चे आसन ८५५ मिलिमीटर उंच आहे आणि उतारावर उभे राहताना ते फार जाणवते.

गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे. मालकाने ती आधीच चालू करून ठेवली असेल तर थांबून निवू द्यावी. मधल्या स्टँडवर चढवून पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अगदी हळू फिरवावे : मध्यावर खटकन अडल्यासारखे झाले तर कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेला आहे. मग पेन्सिलीने एकेक आरा वाजवावा, ज्याचा आवाज बद्द येईल तो सैल. चाक फिरवून रिमला ठोकर बसली आहे का पाहावे, आणि गाडीखाली वाकून इंजिनाखालच्या संरक्षक पट्टीवरचे (संपगार्ड) ओरखडे पाहावेत. ओरखडे असणे वाईट नाही, ती त्याचसाठी बसवलेली असते; परंतु ओरखडे आत चौकटीच्या नळीपर्यंत गेले असतील, किंवा कोकणच्या खाऱ्या हवेने पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर, सीलच्या वाटेत, गंजाचे ठिपके धरले असतील, तर किंमत कितीही उतरवून मिळाली तरी चहा घेऊन परत यावे.