स्क्विडची नवी आवृत्ती आणि जुने नियम

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत उबुंटू १८.०४ वर स्क्विड ३.५ हा प्रॉक्सी सर्व्हर (यंत्रे आणि इंटरनेट यांच्यामधला मध्यस्थ) चालतो. विद्यार्थ्याने आपले नाव आणि पासवर्ड दिल्याशिवाय त्याला इंटरनेट मिळत नाही. नियमांची ‘स्क्विड.कॉन्फ’ ही फाइल मात्र पॅकेजचे नाव ‘स्क्विड३’ होते तेव्हापासून तशीच पुढे चालत आली आहे. नवी आवृत्ती घेऊन तिच्यावर हीच फाइल ठेवली तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : जशीच्या तशी ठेवू नये. उबुंटू १८.०४ ला मिळणारा नियमित पाठिंबा मे २०२३ मध्ये संपला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्क्विडमधील सुरक्षादोषांची एक लांबलचक यादी जाहीर झाली. तेव्हा आवृत्ती बदलण्याचा आपला निर्णय योग्यच आहे, किंबहुना त्याला थोडा उशीरच झाला आहे. चालू सर्व्हरवरच बदल करायचा म्हटले, तर उबुंटूच्या नियमाप्रमाणे २०.०४, मग २२.०४ आणि त्यानंतर २४.०४ अशा पायऱ्या चढाव्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर ‘जुनी फाइल ठेवू की नवी घेऊ’ हा प्रश्न समोर येतो. त्यापेक्षा एखाद्या मोकळ्या यंत्रावर २४.०४ नव्याने बसवून तिच्या भांडारातील स्क्विड ६ घ्यावे आणि तोवर जुना सर्व्हर चालू ठेवावा, हे श्रेयस्कर. मूळ सोर्स उतरवून कंपाइल करण्याचा मोह टाळावा, कारण त्यानंतरची प्रत्येक सुरक्षा-दुरुस्ती आपल्यालाच हाताने करावी लागते आणि महाविद्यालयात ते काम सहसा कोणीच करत नाही.

आता नियमांच्या फाइलीविषयी. ‘स्क्विड३’च्या काळातील पासवर्ड तपासणारा सहायक प्रोग्राम ‘यूएसआर/लिब/स्क्विड३’ या फोल्डरमध्ये असे. आता ते फोल्डर ‘यूएसआर/लिब/स्क्विड’ असे आहे. शिवाय आवृत्ती ३.२ मध्ये सहायकांची नावेही बदलली आणि ‘एनसीएसए_ऑथ’चे ‘बेसिक_एनसीएसए_ऑथ’ झाले. त्यामुळे जुना मार्ग लिहिलेली ओळ नव्या सर्व्हरवर कामाची नाही. पासवर्डची फाइल नकलून आणल्यावर ती ‘प्रॉक्सी’ या वापरकर्त्याला वाचता येते का, तेही पाहावे. ती फक्त रूटलाच (सर्वाधिकारी वापरकर्त्याला) वाचता येत असेल, तर पासवर्ड बरोबर असूनही सर्वांना नकार मिळतो आणि दोष विनाकारण नव्या आवृत्तीवर जातो. ‘डीएनएस_व्ही४_फर्स्ट’ ही ओळ आपल्याकडील अनेक संस्थांच्या फाइलीत आढळते. आवृत्ती ५ पासून ती रद्द झाली असल्याने काढून टाकावी. ‘मॅनेजर’ आणि ‘लोकलहोस्ट’ हे एसीएल (नियमांत वापरायचे नाव दिलेले गट) आता स्क्विडमध्येच अंतर्भूत असल्यामुळे त्यांच्या जुन्या व्याख्याही नकोत. हे सारे नजरेने शोधत बसण्याची गरज नाही. ‘स्क्विड -के पार्स’ ही आज्ञा दिली की कालबाह्य ओळी ती बहुतेक स्वतःच दाखवते.

अर्थात ही आज्ञा व्याकरण तपासते. नियमाचा अर्थ तपासणे तिच्या आवाक्यात नाही आणि खरा धोका तिथेच आहे. नव्या पॅकेजसोबत येणारी स्क्विड.कॉन्फ शक्यतो हातही न लावता ठेवावी आणि आपले नियम ‘कॉन्फ.डी’ या फोल्डरमध्ये स्वतंत्र फाइलीत लिहावेत, म्हणजे पुढच्या वेळी ही कसरत टळेल. त्या फोल्डरमध्ये ‘डेबियन.कॉन्फ’ नावाची फाइल आधीपासूनच असते आणि तिच्यात ‘एचटीटीपी_ॲक्सेस अलाउ लोकलनेट’ ही, स्थानिक जाळ्यातील सर्व यंत्रांना प्रवेश देणारी ओळ बंद स्थितीत असते. नवा सर्व्हर सुरू केल्यावर प्रयोगशाळेतील यंत्रांना नकार मिळू लागला, की अनेक जण ती ओळ उघडतात आणि इंटरनेट लगेच सुरूही होते. मात्र स्क्विड हे नियम वरून खाली वाचते आणि जो पहिला लागू पडेल तिथेच थांबते. फोल्डरमधील फाइली वर्णानुक्रमाने वाचल्या जात असल्याने आपल्या फाइलीचे नाव ‘लॅब.कॉन्फ’ असेल, तर डेबियन.कॉन्फ तिच्या आधी वाचली जाते. परिणामी प्रयोगशाळेच्या जाळ्यातील कोणालाही पासवर्डाविना प्रवेश मिळतो आणि कोणाचीच तक्रार नसल्यामुळे ही गोष्ट महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. तुमच्यासाठी ती ओळ बंदच राहिली पाहिजे.

म्हणून चाचणी घेताना इंटरनेट सुरू झाले एवढ्यावर समाधान मानू नये. एका यंत्राच्या ब्राउझरमध्ये नव्या सर्व्हरचा पत्ता आणि ३१२८ हा पोर्ट घालून आधी चुकीचा पासवर्ड द्यावा, मग बंदी असलेले संकेतस्थळ उघडावे आणि शेवटी बरोबर पासवर्ड देऊन नेहमीचे काम करून पाहावे. प्रत्येक वेळी ॲक्सेस.लॉग या स्क्विडच्या नोंदींच्या फाइलीत काय नोंदले गेले ते वाचावे : पासवर्ड मागितला असेल तर ४०७, बंदी असेल तर ४०३. ब्राउझरची पहिली विनंती पासवर्डाविनाच जात असल्यामुळे ४०७ च्या नोंदी पुष्कळ दिसतील. त्यांनी घाबरून जाऊ नये.

प्रत्यक्ष बदल दिवाळीच्या सुट्टीत करावा, परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरण्याच्या आठवड्यात तर मुळीच नको. त्या दिवशी जुना सर्व्हर जाळ्यातून काढून त्याचा आयपी पत्ता नव्याला दिला की प्रत्येक यंत्राचे सेटिंग बदलावे लागत नाही, आणि काही बिघडल्यास त्याच मार्गाने मागे येता येते.

प्रश्न : जुन्या सर्व्हरवरील कित्येक जीबीचा कॅश (स्क्विडने साठवलेल्या पानांचा साठा) नव्या सर्व्हरवर कसा न्यावा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नेऊ नये. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस या सांकेतिक रूपात माहिती पाठवणाऱ्या पद्धतीवर आहेत आणि त्यांची पाने स्क्विडमधून बंद बोगद्यासारखी आरपार जातात, त्यामुळे ती साठवलीच जात नाहीत. जुन्या साठ्यातील उपयोगाचा भाग थोडाच असतो आणि तो काही दिवसांत आपोआप पुन्हा तयार होतो. डिस्कवर कॅश हवाच असेल, तर ‘कॅश_डिर’ची ओळ लिहून, स्क्विड बंद असताना ‘स्क्विड -झेड’ ही आज्ञा एकदा द्यावी.