साथीतल्या भीतीचा अभ्यास करायचाय, पण आधी तो फॉर्म बंद करा

प्रश्न : माझी मुलगी एस.वाय.बी.ए.ला आहे, विषय मानसशास्त्र. आम्ही पुण्यातल्या धायरीत राहतो. जानेवारी २०२५ मध्ये इकडे जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करून हातपाय लुळे पाडणारा आजार) पेशंट निघाले, तेव्हा आमच्या कामवाल्या मावशींचा भाचा दवाखान्यात होता. अर्ध्या सोसायटीनं मावशींना "येऊ नका" म्हणून सांगितलं. तेव्हापासून मुलीच्या डोक्यात एकच आहे : साथीच्या काळात लोक का घाबरतात, किती घाबरतात, यावर संशोधन करायचं. आता तिनं गुगल फॉर्म करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय, साठेक उत्तरं आली आहेत. तिचे बाबा म्हणतात, साथ संपली की हे काम संपलं. त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. आम्ही काय करावं? (एक आई, धायरी)

ताई, नमस्कार.

बाकीचं नंतर बोलू. आधी तो फॉर्म आजच बंद करायला सांगा.

तुम्ही सोबत प्रश्न पाठवलेत म्हणून कळलं. पहिले सात जीएडी-७ चे आहेत, म्हणजे चिंता मोजणारे, पुढचे नऊ पीएचक्यू-९ चे, म्हणजे नैराश्य मोजणारे. दोन्ही प्रश्नावल्या जगभर वापरल्या जातात, तिची निवड चुकलेली नाही. पण पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न विचारतो की मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार मनात येतात का. समजा, समोरच्या विंगमधल्या कुणी रात्री साडेअकराला तिथे "जवळजवळ रोज" वर खूण केली. ते उत्तर तुमच्या मुलीच्या शीटमध्ये येऊन पडणार आणि ती सकाळी कॉलेजला जाणार. त्या माणसाला फोन कोण करणार? फॉर्मवर नावच नाही म्हटल्यावर करणार तरी कसा? रीतसर संशोधनात असा प्रश्न विचारायचा तर आधी एथिक्स कमिटीची (संशोधनात कुणाला इजा होत नाही ना, हे बघणाऱ्या समितीची) मान्यता घेतात, उत्तर देणाऱ्याची संमती घेतात, आणि कुणी "हो" म्हटलं तर त्याला लगेच कुणाकडे पाठवायचं हे आधीच ठरवून ठेवतात. आलेल्या उत्तरांतला तो रकाना तिनं आजच तिच्या सरांसोबत किंवा मॅडमसोबत बसून बघावा आणि ग्रुपवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टाकावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. हे सांगताना तिला रागावू नका. तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि हे शिकण्यासाठीच तिला या वाटेनं जायचंय.

आता तिच्या बाबांच्या शंकेकडे. साथ संपते हे खरं, पण पुण्यात बसून हे म्हणणं मला पटत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये तपासणीच्या नावाखाली सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, घराघरांत शिरू लागले आणि लोक आजारी माणसं लपवू लागले. आजारी माणूस लपला की साथ आटोक्यात आणणार कशी? तो संताप पुढे २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा बंदोबस्त करणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर झाडलेल्या गोळ्यांपर्यंत गेला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला, आणि नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा तुम्हाला आठवत असतील. ९ मार्च २०२० ला राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण इथेच सापडले. मग तुमच्याकडचं जीबीएस. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, संशय दूषित पाण्यावर होता, तरी मावशींचं काम बंद झालं. त्या भीतीची किंमत कुणाच्या पगारातून गेली, हे तुमच्या मुलीच्या नजरेत भरलं. माझ्या मते हीच तिची खरी पात्रता आहे, मार्क नंतर.

मात्र नजरेत भरणं वेगळं आणि मोजणं वेगळं. जीएडी-७ मध्ये गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २१. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी व्हावी असं धरतात. समजा, लॉकडाउनमध्ये मंडईबाहेर भाजी विकणाऱ्या बाईंचे ११ आले आणि हिंजवडीतल्या एका इंजिनिअरचेही ११ आले. त्याला विषाणूची धास्ती आहे, बाईंना घरभाड्याची. आकडा एकच, पण एकाला योग्य माहिती हवी आणि दुसरीला रेशन हवं. नुसत्या बेरजेवरून धोरण ठरवणारा इथे फसतो. म्हणून या क्षेत्रात प्रश्नावलीइतकंच महत्त्व समोर बसून घेतलेल्या मुलाखतीला आहे.

आकडे वाचायलाही शिकावं लागतं. कोरोनाच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ मध्ये सांगितलं. ते ऐकून अनेकांनी "चारातला एक माणूस आजारी" असा अर्थ लावला. तो चूक आहे. आधी शंभरात चार असतील तर आता पाच, अशी ती वाढ. मग आपल्या राज्यात किती वाढलं? त्यासाठी आधीचा आकडा हवा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यं होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे त्या सर्वेक्षणावरून आपल्याकडची तुलना करता येत नाही. अशा रिकाम्या जागा आहेत, म्हणून साथ नसतानाच्या वर्षांतही माणसं लागतात.

मुलीच्या साठ उत्तरांचंही तेच. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, वेळ आहे आणि ज्यांना या विषयात रस आहे, त्यांनी ती भरली. मावशींनी भरली का? लॉकडाउनमधले कितीतरी ऑनलाइन सर्व्हे असेच झाले, त्यामुळे तिनं वाईट वाटून घेऊ नये. पण त्यावर निष्कर्षही काढू नये.

तिच्यासमोर दोन वाटा आहेत आणि त्या वेगळ्या आहेत हे तिनं ओळखायला हवं. घाबरलेल्या एका माणसासमोर बसून त्याला बरं करायचं असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजी. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. तिथले नियम सध्या बदलताहेत, त्यामुळे एखाद्या क्लासच्या जाहिरातीवर विसंबू नका, परिषदेची वेबसाइट बघा. सगळ्या शहराची भीती समजून घ्यायची असेल तर वाट सार्वजनिक आरोग्याकडे जाते : मानसशास्त्रात एम.ए. करून संशोधन, किंवा एम.पी.एच., म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात दोन्ही आहेत. मुंबईत टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सोशल एपिडेमिऑलॉजीचं, म्हणजे आजार समाजात कसे आणि कुणात पसरतात याच्या अभ्यासाचं, एम.पी.एच. आहे. मुंबईतच देवनारला असलेली आयआयपीएस ही संस्था लोकसंख्येच्या अभ्यासासाठी नावाजलेली आहे. तुमच्या पत्रावरून मला तिचा ओढा दुसऱ्या वाटेचा वाटतो, पण हे तिनं सांगायचं.

कुठेही गेली तरी संख्याशास्त्र सुटणार नाही. बी.ए.ची मुलं इथेच गळतात, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. पुढच्या वर्षाची वाट न बघता तिनं आत्ताच सुरुवात करावी. आर (R) हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, घरच्या लॅपटॉपवर चालतं. चार वर्षांच्या पदवीचा पर्याय तिच्या कॉलेजात असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के ठेवायला सांगा, म्हणजे चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्स करता येईल आणि पुढे एम.ए. एका वर्षात होईल.

पैशांचं स्पष्ट सांगते. सुरुवातीची कामं प्रोजेक्टवर असतात, करार वर्षाचा, पुढच्या वर्षी निधी आला तर पुढे. घरातल्या माणसांना हे झेपेल का, याचा विचार आधीच करा. नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० रुपये फेलोशिप आणि वर घरभाडं, म्हणजे पीएच.डी.ची सुरुवातीची वर्षं निभावतात. बाबांची बँकेची सूचनाही मी उडवून लावणार नाही. एम.ए. झाल्यावरही त्या परीक्षा देता येतात, वयाची मर्यादा तेवढी लक्षात ठेवा.

या सुट्टीत तिनं एवढंच करावं. कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, संमती घेऊन, सोसायटीत काम करणाऱ्या पाच-सहा जणांशी सविस्तर बोलावं : मावशी, वॉचमन, दूधवाले, पाण्याच्या टँकरचे ड्रायव्हर. त्या जानेवारीत तुमचं काय काय थांबलं, कुणावर विश्वास ठेवलात, पाण्याची खात्री कशी केलीत, एवढंच विचारायचं. मरणाचे प्रश्न नाहीत, गुण नाहीत. मावशींकडे जाताना तुम्ही सोबत जा. त्यांना "येऊ नका" म्हणणाऱ्यांत तुमचं घर होतं की नाही हे पत्रात आलेलं नाही. असेल, तर तो विषय तुम्ही दोघींनी आधी बोलून घ्या, मग तिला वही उघडू द्या.