शहर कापडावर आणताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी टेक्स्टाईल आर्टचे प्रश्न बरेच आलेत आणि त्यातले बहुतेक शहर हा विषय घेऊन सॅम्पल, म्हणजे कापडाचे छोटे प्रयोग-तुकडे, करणाऱ्यांचे आहेत, म्हणून अख्खं सदर त्यांनाच देतेय. पहिल्या उत्तराला जास्त जागा गेलीये कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत चार जणींनी विचारलाय.

प्रश्न: ताई, मी टेक्स्टाईलचा कोर्स करतेय. ‘शहरी परिसर’ या विषयावर बारा सॅम्पल्स द्यायचीत. दीडशे फोटो काढले, पण जे काही करायला घेते त्याची शेवटी बिल्डिंगच होते, अप्लिकच्या (कापडाचे तुकडे कापून वर शिवलेल्या) खिडक्या, मागे आकाश. सर म्हणतात हे इलस्ट्रेशन झालं, सॅम्पल नाही. म्हणजे नक्की काय करू?

सरांचं बरोबर आहे, पण एवढंच सांगून सोडलं तर मुलांना पुढचं पाऊल सापडत नाही हेही खरं. तू बिल्डिंग कशी दिसते ते कापून कापडावर लावतेस. तिथे कापडाऐवजी रंगीत कागद असता तरी चाललं असतं की नाही? चाललं असतं. म्हणजे त्यात कापडाला कापड म्हणून काही काम मिळालेलंच नाहीये.

एक कर. दीडशे फोटो बाजूला ठेव, त्यातला एकच घे आणि पुठ्ठ्याच्या दोन एल आकाराच्या पट्ट्या कापून त्या फोटोवर सरकवत सरकवत तीन-चार सेंटिमीटरची चौकट शोध, जिथे बिल्डिंग, खिडकी, रस्ता असं नाव देता येईल असं काहीच उरत नाही. नुसता पृष्ठभाग उरला पाहिजे. मग त्या तुकड्यात काय घडलंय ते क्रियापदांत लिही. पोपडा सुटलाय. पाणी ओघळलंय. तडा गेलाय. पोस्टरवर पोस्टर चिकटवलंय आणि वरचं कोणीतरी ओरबाडलंय. त्याच्या शेजारी कापडाची क्रियापदं लिही: उसवतं, विरतं, आकसतं, चुरगळतं, दसे सुटतात, डाग धरतं, फाटतं. दोन्ही याद्या समोर आल्या की जोड्या आपोआप दिसायला लागतात आणि प्रत्येक जोडी म्हणजे एक सॅम्पल. सॅम्पल म्हणजे कापडाला विचारलेला एक प्रश्न एवढंच धरून चाल, उत्तर ‘नाही’ आलं तरी ते सॅम्पलच असतं.

उदाहरण म्हणून पोस्टरच्या भिंतीचं माझं काम सांगते. मी आधी पाच थर एकावर एक ठेवले, खाली मांजरपाट, मग दोन छापील सुती, मग मलमल, सगळ्यात वर पांढरं सुती, आणि मशीनवर एकेक सेंटिमीटरवर समांतर शिलाया मारल्या. दोन शिलायांच्या मधून खालचं मांजरपाट सोडून वरचे चार थर कापले. एका सॅम्पलमध्ये उभ्या धाग्याच्या रेषेत कापले, तर कडेचे धागे सुट्टे होऊन गळायलाच लागले, हात लावला की आणखी दोन बाहेर. दुसऱ्यात ४५ अंशांत तिरकं कापलं, तिथे धागा गळत नाही, कड नुसती फुलते, ब्रश फिरवला की मखमलीसारखी उभी राहते. दोन्ही छान दिसतात पण पोस्टर दोन्हींत नाहीये! मग हाताने फाडून बघितलं, तर कापड फाटतं ते धाग्याच्या रेषेत सरळच फाटतं, कागद जसा वाटेल तिकडे वाकडातिकडा फाटतो आणि फाटल्या कडेला आतला पांढरा भाग दाखवतो तसं विणलेलं कापड करूच शकत नाही. इथे मी दोन दिवस अडकले होते. शेवटी मलमलीवर पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदाने छापील टिश्यू पेपर चिकटवला, पूर्ण वाळू दिला, मग वरून ओल्या बोटाने चोळला. कागद कुठे निघाला, कुठे राहिला, खालची जाळीदार मलमल दिसायला लागली, आणि जिथे कागद राहिला तिथे वरून बारीक धावदोरा घातला. ती मात्र माझी भिंत होती.

हे सगळं एका फोटोतून निघालं, चार सॅम्पल्स, त्यातली तीन ‘नापास’. तीही जमा कर. तुलाही माझं हेच सांगणं आहे, बारा फोटोंची बारा नको, दोन फोटोंची सहा-सहा कर. सगळी एकाच मापात ठेव, १५ बाय १५ सेंटिमीटर पुरे, आणि प्रत्येकाच्या मागे कापड कुठलं, दोरा कुठला, काय केलं, काय झालं ते त्याच दिवशी लिही, नंतर आठवत नाही.

कुर्ट श्विटर्स या जर्मन कलावंताने १९१९ पासून रस्त्यात सापडलेली तिकिटं, वेष्टनं, कागदाचे कपटे चिकटवून कोलाज केले, ते बघ. त्यात इमारत नसली तरी शहर आहे, कारण शहराने वापरून टाकलेली वस्तूच तिथे आहे. तुझ्या खिशातलं तिकीट सरळ शिवून टाकलंस तर काय होतं, हाही एक प्रश्न होऊ शकतो.

प्रश्न: गंजलेले बोल्ट आणि पत्रे व्हिनेगर शिंपडून सुती कापडात गुंडाळले, गंजाचे ठसे अप्रतिम आले. पण सहा-सात महिन्यांनी कापड कडक लागायला लागलं आणि एका ठिकाणी चक्क भोक पडलं. काय चुकलं?

कापडात आम्ल आणि लोखंडाचे क्षार तसेच राहिले असणार. सुती धागा म्हणजे सेल्युलोज, त्याला आम्ल कमजोर करतं आणि लोखंड हवेतल्या ऑक्सिजनबरोबर त्याची झीज आणखी वाढवतं. लोखंड आणि टॅनिन (चहातही असतो तो तुरट घटक) वापरून काळ्या केलेल्या जुन्या कापडांत काळा भागच आधी विरून गेलेला दिसतो, बाकीचं कापड धड आणि काळ्या रेषेच्या जागी नुसत्या फटी, त्याचं कारणही हेच. माझ्या एका कामाला नेमकं घडीवरच असं झालं, तेव्हापासून गंजाचं कापड मी घडी न घालता नळीवर गुंडाळून ठेवते.

पुढच्या वेळी असं करा. कापडाची खळ आधी धुऊन काढा. व्हिनेगर निम्मं पाणी घालून वापरा, गुंडाळलेलं कापड प्लास्टिकमध्ये ठेवा म्हणजे ओल टिकेल, पण हवाही लागते, त्याशिवाय गंज चढत नाही, म्हणून पिशवी घट्ट बांधू नका. बारा तासांनी एकदा उघडून बघा आणि रंग मनासारखा आला की लगेच थांबवा, ‘अजून एक दिवस’ हा मोह टाळा. मग भरपूर पाण्यात खंगाळून खायचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवा, म्हणजे उरलेलं आम्ल मारलं जातं, आणि शेवटी साध्या साबणाने धुवा. एवढं केलं की आयुष्य बरंच वाढतं, पण लोखंड कापडात आहे तोवर झीज पूर्ण थांबत नाही, त्यामुळे ज्यावर पुढे ताण येणार आहे किंवा जे वर्षानुवर्षं टिकायला हवं अशा कामात हे कापड मुख्य आधार म्हणून घेऊ नका, मागे दुसरं कापड लावा. गंजाचे कण शिवताना सुई बोथट करतात, सुई बदलत राहा. सुका गंज झटकताना मास्क हवाच आणि भांडी, चमचे स्वयंपाकाचे नकोत.

हेच कापड चहाच्या पाण्यात बुडवलंत तर नारिंगी ठसे करडे-काळे होतात, टॅनिन आणि लोखंडाचा परिणाम. ओल्या डांबराचा रंग मला यातूनच सापडला, बाजारातल्या कुठल्या काळ्या रंगात तो मिळाला नव्हता.

प्रश्न: माझ्याकडे शिलाई मशीन नाही, फक्त हात आणि सुई. शहराचं काम मशीनशिवाय कमी पडेल का?

अजिबात नाही. उलट काही गोष्टी हातालाच जमतात. परांची बघा, बांधकामावरची. उभे-आडवे बांबू किंवा पाइप आणि मधे मोकळी हवा. यासाठी सैल विणीचं मांजरपाट घ्या, मध्यभागी आठ-दहा सेंटिमीटरच्या पट्ट्यातले आडवे धागे दोन्ही टोकांना कापून सुईच्या टोकाने एकेक करून ओढून काढा. आता नुसते उभे धागे लोंबतायत. त्यांचे चार-चार, सहा-सहा असे जुडगे करून बारीक दोऱ्याने मधे बांधा, कुठे दोन जुडगे एकत्र ओढा, कुठे एक सोडून द्या. काढलेलाच धागा घेऊन तिरके आधार घाला. जिथे गाठ येते तिथे उभा धागा किंचित वाकतो, आणि तो वाक ही खरी गंमत आहे, कारण खरी परांची पण कधी काटकोनात नसते. हे सॅम्पल भिंतीपासून दोन बोटं लांब टांगा आणि बाजूने उजेड टाका, मागे सावलीची दुसरी परांची उभी राहते.

एल अनात्सुई हे नाव शोधून त्यांचं काम जरूर बघा. घानात जन्मलेले आणि नायजेरियात काम केलेले शिल्पकार, बाटल्यांची धातूची झाकणं चपटी करून तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधून भिंतभर पसरणारं ‘कापड’ करतात. हजारो तुकडे, सगळे हाताने जोडलेले.

प्रश्न: ऑर्गन्झा (पातळ, पारदर्शक कापड) गरम करून भोकं पाडायची आहेत, जळलेल्या पत्र्यासारखी. मेणबत्तीवर धरते तर एकदम पेटतं.

मेणबत्ती बंद करा आधी. पॉलिस्टरचा ऑर्गन्झा घ्या, सिल्कचा वितळत नाही, जळून राख होतो. बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न, म्हणजे तारा जोडायला वापरतात ती विजेवर तापणारी सळई, घेऊन काचेवर किंवा सिरॅमिक टाइलवर कापड ठेवून टोक फक्त टेकवा, रेटू नका, कड वितळून आपोआप बंद होते. कापड आकसायला हवं असेल तर हीट गन लांबून फिरवा आणि वर-खाली बेकिंग पेपर नको, मोकळं असेल तरच ते उचललं जातं. धूर विषारी असतो, उघड्या खिडकीशी बसा आणि गॅसच्या वाफा अडवणारा मास्क लावा, साधा कापडी मास्क इथे काही कामाचा नाही. शेजारी पाणी ठेवा. आणि ऑर्गन्झाखाली सुती कापड शिवून मग उष्णता दिलीत तर वरचं वितळतं, सुती तसंच राहतं, हा परिणाम सोललेल्या रंगासाठी फार उपयोगी पडतो.

प्रश्न: सायनोटाइप (ऊन लागेल तिथे निळं होणारं केमिकल कापडाला लावून ठसा घेणं) करून विजेच्या तारांची सावली कापडावर घ्यायची होती. कापड गच्चीवर अंथरलं, वीस मिनिटं ऊन दिलं, धुतलं तर सगळं सारखं निळं, तारांचा मागमूस नाही. केमिकल खराब होतं का?

कापड छान निळं झालं ना, मग केमिकल ठीक आहे. सूर्यामुळे असं झालं. सूर्य आपल्याला बिंदू दिसत नाही, अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून सावलीची कड वस्तू लांब जाईल तशी विरघळत जाते. वस्तू कापडापासून एक मीटरवर असेल तर कडेला साधारण एक सेंटिमीटरचा धूसर पट्टा येतो. तार पाच मीटर वर असेल तर तो पट्टा तारेपेक्षा कितीतरी रुंद होतो आणि सावली अशी उरतच नाही. त्यात सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे वीस मिनिटांत ५ अंश, पाच मीटरवरच्या तारेची उरलीसुरली सावली तेवढ्या वेळात साधारण चाळीस सेंटिमीटर फिरून जाते.

दोन मार्ग आहेत. तारांचा फोटो निगेटिव्ह करून ट्रान्सपरन्सीवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर, प्रिंट करा आणि कापडाला काचेखाली घट्ट चिकटवून ऊन द्या, तारा गडद निळ्या येतील. किंवा जाड दोरे, जुनी केबल, जाळी सरळ कापडावरच मांडा, मग त्या पांढऱ्या येतील. मला दुसरा मार्ग जवळचा वाटतो कारण दोरा कापडाला टेकतो तिथे रेघ धारदार आणि जिथे उचलला जातो तिथे मऊ होते, एकाच रेघेत दोन्ही. धुतल्यावर लगेच फिकं वाटलं तर घाबरू नका, एका दिवसात निळा गडद होतो. फक्त सोडा किंवा कडक डिटर्जंट त्याला लावू नका, तो निळा अल्कलीत उडून जातो. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये ही पद्धत शोधली आणि पुढे इंजिनियर लोकांचे इमारतींचे नकाशे याच निळ्यात निघायचे, त्यामुळे शहराच्या विषयाला हा रंग उपरा नाहीये.

प्रश्न: मॅनहोलच्या झाकणाचं कापडावर रबिंग (वर कापड ठेवून क्रेयॉन घासून नक्षी उमटवणं) घेताना कापड सरकतं आणि नक्षी दुहेरी येते. उपाय?

पातळ सुती कापडाला आधी कडक खळ द्या आणि इस्त्री करा, मऊ कापड खाचांत बसतं आणि सरकतं. झाकण ब्रशने साफ करा, चारही बाजूंनी मास्किंग टेपने कापड ताणून चिकटवा, क्रेयॉन आडवा धरा आणि मधून बाहेर एकाच दिशेने जा, पुढे-मागे घासू नका. ऑइल स्टिक, म्हणजे तैलरंगाची कांडी, वापरली असेल तर चार-पाच दिवस वाळू द्या, मग कागद ठेवून इस्त्री करा. मेणाचा क्रेयॉन असेल तर लगेच दोन कागदांमधे इस्त्री चालते, मेण कागदात जातं आणि रंग कापडात राहतो. हे काम फूटपाथवरच्या झाकणावरच करा, रस्त्याच्या मधल्या नको, आणि बरोबर कोणीतरी उभं असू दे. निघण्याआधी कापडाच्या कोपऱ्यावर वरची बाजू कुठली ते पेन्सिलीने लिहा आणि झाकणाचा एक फोटो काढा, घरी आल्यावर गोल नक्षीत ते कळत नाही.