ग्लासात फेस, तोंडात पाणी

प्रश्न : काकू, नमस्कार. न्यू जर्सीत होतो तेव्हा घरी बनवलेली बियर केगमधून (दाबाखालच्या स्टीलच्या पिंपातून) छान यायची. नोकरीमुळे डेन्व्हरला आलो. तोच 5 गॅलनचा केग, तोच रेग्युलेटर, तीच पेल एल जातीची बियर. फ्रिज मात्र लहान मिळाला, म्हणून नळी कापून 5 फुटांची केली. तेव्हापासून पाऊण ग्लास नुसता फेस. दाब 12 पीएसआयवरून (चौरस इंचाला 12 पौंड) 9 केला, मग 6. फेस तसाच, आणि आता बियर मिळमिळीत लागते. गॅस जास्त झालाय की कमी, तेच कळेना. (एक वाचक, डेन्व्हर)

उत्तर : कमी झालाय. आणि जो उरलाय तो ग्लासात पोचायच्या आधीच उडून जातोय.

फेस दिसला की हात आधी रेग्युलेटरकडे जातो. दूध वर आलं की गॅस बारीक करायचा, ही आपली जन्माची सवय. इथे ती नडते. रेग्युलेटरचं काम बियरमध्ये गॅस (कार्बन डायऑक्साइड) मुरवायचा आणि मुरलेला धरून ठेवायचा, एवढंच. बियरने नळातून किती जोरात यायचं ते नळी ठरवते. तू दाब उतरवलास तेव्हा बियरमध्ये आधीचा गॅस होताच. वरचा दाब कमी झाल्यावर तो नळीतच सुटायला लागला. नळी पारदर्शक असेल तर बघ, मधे मधे रिकामे तुकडे दिसतील. तो तुझा फेस. मग दिवसागणिक केगमधली बियरही 6 च्या हिशेबाला उतरली. तो मिळमिळीतपणा.

आता डेन्व्हरच्या उंचीचं. उघड्या पातेल्यात डाळ शिजायला इथे जास्त वेळ लागतो, हे एव्हाना कळलं असेल (स्वयंपाक तू करत असशील तर). बियरच्या मागेही तीच भानगड आहे. रेग्युलेटरच्या गेजवरचा, म्हणजे दाबाच्या काट्याचा, आकडा म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे तो. समुद्रसपाटीला हवेचाच दाब 14.7, तिकडे तुझे 12 धरून बियरवर एकूण 26.7 पडत होते. डेन्व्हरला हवा साधारण 12.1 भरते, म्हणजे त्याच 12 वर एकूण 24.1. तुझी जुनी बियर परत हवी असेल तर गेजवर साधारण 14.5 ठेवायला हवेत. किती गॅसला किती दाब, हे सांगणाऱ्या तक्त्यांतले आकडे समुद्रसपाटीचे असतात; दर 2,000 फुटांना 1 पीएसआय वाढवायचा. मी फोर्ट कॉलिन्सला राहते, उंची 5,000 फूट, आणि पहिली दोन वर्षं माझी बियर अशीच अर्धवट गॅसची व्हायची. मी मात्र यीस्टला दोष देत बसले होते.

दाब वाढवला की नळीही लांब हवी, आणि तू नेमकी तीच कापलीस. आतून 3/16 इंचाची, 12 फूट नळी आण आणि केगच्या डोक्यावर गुंडाळून ठेव, लहान फ्रिजातही मावते. बियर फारच रेंगाळत आली तर सहा-सहा इंच कापत जा. 16 औंसांचा ग्लास 8 ते 10 सेकंदांत भरला की थांबायचं. नळ पूर्ण उघडायचा; जपून अर्धा उघडलास तर तिथेच फेस होतो.

त्याआधी एक काम कर. फ्रिजात रात्रभर पाण्याचा ग्लास ठेव आणि सकाळी त्यात थर्मामीटर बुडव. 38 फॅरनहाइट यायला हवेत. फ्रिजचा आकडा हवेचा असतो, बियरचा नाही. फक्त पहिलाच ग्लास फेसाळ आणि दुसरा चांगला येत असेल, तर वरचा नळ गरम राहतोय; तिथे नळीचा काही दोष नाही.

हे झालं की 14.5 वर दहा दिवस ठेव आणि विसरून जा. घाई असेल तर 30 वर एक दिवस, मग गॅस बंद करून झाकणाची झडप ओढून दाब सोडायचा आणि 14.5 वर यायचं. केग आडवा टाकून हलवायचा तिसरा मार्गही आहे. मिरजेला आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर गोटी सोडावाला तेच करायचा, लोखंडी चौकटीत बाटल्या अडकवून दांड्याने गरागरा फिरवायचा. ढवळलं की गॅस भराभर मुरतो. पण त्याचा हात बसलेला होता. मी एकदा केग आडवा असतानाच रेग्युलेटर खाली आणला, तर बियर उलटी गॅसच्या नळीत शिरून थेट रेग्युलेटरपर्यंत गेली. त्याच्या आतली साखर धुण्यात माझा रविवार गेला.

प्रश्न : केगला लावलेला 5 पौंडांचा गॅस सिलिंडर तीन आठवड्यांत संपला. सिलिंडरचा गेज शेवटपर्यंत भरलेला दाखवत होता. फसवणूक?

उत्तर : नाही हो, गळती. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रव असतो. तळाशी थेंबभर द्रव शिल्लक असेपर्यंत आतला दाब हलत नाही, आणि तो संपला की काटा धाडकन पडतो. हा काटा तापमान सांगतो, शिल्लक नाही. खोलीत 70 फॅरनहाइटला सुमारे 850 दाखवेल, तोच सिलिंडर फ्रिजात ठेवलात तर 550 च्या आसपास. शिल्लक बघायची तर वजन करा. रिकाम्याचं वजन सिलिंडरवरच कोरलेलं असतं. एका केगला, गॅस मुरवणं आणि बियर ढकलणं धरून, पाव ते अर्धा पौंड लागतो. म्हणजे दहा केग तरी निघायला हवेत.

घरच्या शेगडीच्या सिलिंडरला लावायचो तसं साबणाचं पाणी प्रत्येक सांध्याला लावा. माझा पहिला संशय केगच्या झाकणाच्या रिंगवर. कुकरच्या रिंगसारखीच ती, सुकली की दगा देते. खाण्यायोग्य ग्रीस बोटाने फिरवा आणि नवा केग लावताना एकदा 30 चा दाब देऊन झाकण बसवून घ्या. मग केगमध्ये गॅस शिरतो त्या तोंडातली स्प्रिंगवाली झडप बघा. तिच्याखाली हॉपचा (बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलाचा) एवढासा तुकडा अडकला तरी पुरतं.

प्रश्न : काकू, पुण्यात हे सगळं करता येईल का?

उत्तर : बियर नको. तिकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. केग मिळालाच तर सोडा भर. दाब 30 च्या आसपास, आणि नळी 20 फुटांच्या पुढे, नाहीतर तू पुन्हा फेसाचंच पत्र लिहिशील.