शंकानिरसन : जांभळा रस, भिरंड आणि यकृत

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे यकृताविषयीची आहेत आणि त्यांचा धागा एकच असल्यामुळे ती एकत्र घेत आहे.

प्रश्न : माझे वय 54 असून फोंड्यात माझे दुकान आहे. बैठे काम फार, चालणे कमी. गेल्या महिन्यातील तपासणीत एसजीपीटी (यकृताचे रक्तात मोजले जाणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम) वाढलेले आढळले आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी असल्याचे निदान झाले. परदेशातील मुलाने गडद जांभळ्या बेरींच्या रसाच्या सहा बाटल्या पाठवल्या आहेत. सोबतच्या पत्रकात म्हटले आहे की, प्रयोगशाळेत या रसामुळे यकृताच्या पेशींचे विषारी द्रव्यापासून रक्षण झाले. रोज एक पेला घेतल्यास माझे यकृत सुधारेल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : पत्रकातील विधान बहुधा खरे असावे. मात्र असा प्रयोग कसा केला जातो हे एकदा समजले, की त्या विधानाचा पैस बराच आखडतो. म्हणून आधी तेच सांगतो.

अशा प्रयोगांत बहुतेक वेळा हेप-जी-टू नावाच्या पेशी वापरतात. अर्जेंटिनातील एका 15 वर्षांच्या मुलाच्या यकृतातील कर्करोगाच्या गाठीतून 1970च्या दशकात घेतलेल्या पेशींचा हा वंश असून आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो वाढवला जातो. 96 खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत या पेशी रुजवतात, त्यांना काही तास रसाच्या अर्कात ठेवतात आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे द्रव्य घालून त्यांच्यावर ऑक्सिडीकरणाचा ताण आणतात. अर्क मिळालेल्या खळग्यांत अधिक पेशी तगल्या तर अर्काने संरक्षण दिले, असा निष्कर्ष निघतो. किती पेशी जिवंत आहेत हे मोजण्याची नेहमीची रीत 1983 साली प्रसिद्ध झाली : एमटीटी नावाचा पिवळा क्षार घातला की जिवंत पेशी त्याचे जांभळे रंगद्रव्य बनवतात आणि त्या रंगाची गडदता यंत्राने मोजता येते.

येथे तीन ठिकाणी सावध राहावे लागते. एक म्हणजे या पेशी कर्करोगाच्या आहेत आणि औषधांचे व विषांचे रूपांतर करणारी जी विकरे निरोगी यकृतात भरपूर असतात, ती त्यांच्यात फारच थोडी असतात. दुसरे म्हणजे अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारी, द्रव्ये स्वतःच, पेशी नसतानाही, एमटीटीला जांभळे करू शकतात. त्यामुळे पेशी नसलेल्या पण अर्क घातलेल्या खळग्यांची तुलना ठेवली नसेल, तर पेशी वाचल्याचा भास होतो. तिसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. फळांतील पॉलिफिनॉल वर्गातील काही द्रव्ये पेशींच्या पोषक द्रवात आपणहून ऑक्सिडाइज होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, असे 2000 सालच्या सुमारास दाखवून देण्यात आले. म्हणजे जे रक्षक म्हणून घातले, तेच ताटलीत थोडा मारा करून जाते आणि पेशी त्या माराला सरावल्यामुळे पुढचा मोठा मारा सोसतात, असेही घडू शकते.

आता पेल्यातील रसाकडे वळू. या रसाचा रंग अँथोसायनिन गटातील द्रव्यांमुळे येतो आणि ती द्रव्ये आतड्यातून मूळ रूपात अत्यल्प शोषली जातात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 8 पुरुषांना सायनिडिन-3-ग्लुकोसाइड हे अँथोसायनिन 500 मिलिग्रॅम इतके देण्यात आले. त्यातील काही कार्बन अणू जड जातीचे असल्यामुळे ते शरीरात कोठे जातात याचा माग काढता आला. लघवी आणि श्वासावाटे मिळून दिलेल्या मात्रेच्या सुमारे 12 टक्के इतका माग लागला, आणि जे सापडले त्यातील बहुतेक भाग मूळ रंगद्रव्याचा नव्हता; आतड्यातील जिवाणूंनी आणि यकृताने ते फोडून बनवलेली लहान फिनॉलिक आम्ले त्यात होती. मूळ रंगद्रव्य रक्तात नॅनोमोलर, म्हणजे अतिसूक्ष्म, पातळीवर दिसते, तर ताटलीत कित्येकदा त्याच्या शेकडो पट मात्रा ओतलेली असते. आतड्यातून येणारे रक्त पोर्टल शिरेवाटे प्रथम यकृतातच जाते, त्यामुळे इतर अवयवांपेक्षा यकृताच्या वाट्याला थोडे अधिक येत असेल हे मान्य करूनही हे अंतर फार मोठे उरते.

मग सारे व्यर्थ आहे का? तसे मी म्हणणार नाही. ही द्रव्ये पेशीत शिरून फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) टिपत बसतात, ही जुनी कल्पना आता मागे पडली आहे. त्याऐवजी अल्प मात्रेतील अशी द्रव्ये पेशीतील एनआरएफ-टू या प्रथिनाला जागे करतात आणि मग पेशी स्वतःचे ग्लुटाथायोन (विषारी द्रव्ये निष्प्रभ करणारे पेशीतील द्रव्य) व संरक्षक विकरे अधिक प्रमाणात बनवते, असा अभ्यासकांचा कल आहे. उंदरांवरील पुष्कळ प्रयोगांत हे दिसते. माणसांवरील चाचण्या मात्र लहान आहेत, त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत आणि कोणत्याही बेरीचा रस फॅटी लिव्हरवरील औषध म्हणून मान्य झालेला नाही.

तुमच्या बाबतीत माझी चिंता रसातील रंगापेक्षा साखरेची आहे. वरून साखर न घातलेल्या अशा एका पेल्यातही, म्हणजे 200 मिलिलिटर रसात, 20 ग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर सहज असते आणि तिच्यात फ्रुक्टोज बरेच असते. गाळून रस काढला की फळाचा चोथा जातो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना रसातील साखर मोकळ्या साखरेतच मोजते. 2015 च्या तिच्या मार्गदर्शक सूचनेनुसार प्रौढाने अशी साखर एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांखाली, शक्य झाल्यास 5 टक्क्यांखाली, म्हणजे सुमारे 25 ग्रॅम ठेवावी. तुमचा अर्धाअधिक वाटा त्या एका पेल्यातच संपेल. अतिरिक्त फ्रुक्टोजची चरबी यकृतातच बनते. ज्या चरबीसाठी तुम्ही औषध शोधत आहात, तिलाच इंधन पुरवल्यासारखे होईल. मुलाचे मन मोडू नये असे वाटत असेल, तर दोन-तीन मोठे चमचे रस पाण्यात घालून जेवणासोबत घ्यावा. वजन जास्त असल्यास त्याच्या 5 टक्के घट झाली तरी यकृतावरील चरबी उतरू लागते. 80 किलो वजन असेल, तर हे 4 किलो झाले. सूज उतरण्यासाठी 7 ते 10 टक्क्यांपर्यंत जावे लागते. दुकानातून घरी दुपारी जेवायला आणि पुन्हा दुकानात चालत जाणे जमणारे असेल, तर ते सहा बाटल्यांपेक्षा भारी पडेल. हिपॅटायटिस बी आणि सी यांची रक्ततपासणी झाली नसेल, तर तीही करून घ्यावी.

प्रश्न : मी सांगे येथे राहते व महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकते. आपल्या भिरंडात (कोकमात), जांभळात आणि करवंदात हीच द्रव्ये असतात का? परदेशी बेरींच्या जाहिरातींत ओरॅक नावाचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. आपल्या फळांचा आकडा कोठे मिळेल? – एक विद्यार्थिनी

उत्तर : वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येने पाहिले, तर भिरंड आणि करवंद ही खरीखुरी बेरी आहेत आणि स्ट्रॉबेरी नाही, हे तुमच्या वर्गात सांगून पाहा. भिरंडाच्या सालीतील लाल रंग मुख्यतः सायनिडिनच्या दोन रूपांचा असून त्यांपैकी एक म्हणजे वर आलेले सायनिडिन-3-ग्लुकोसाइडच. जांभळाचा निळसर जांभळा रंग डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्व्हिडिन यांच्या रूपांपासून येतो. भिरंडात याखेरीज गार्सिनॉल हे वेगळे द्रव्य आहे आणि त्यावरही ताटलीतील प्रयोग पुष्कळ झालेले आहेत. तेव्हा पेशींच्या पातळीवर परदेशी बेरीविषयी जे बोलले जाते, त्यातील बरेचसे आपल्या परसातील झाडाविषयीही बोलता येते. अर्थात वर सांगितलेल्या सगळ्या मर्यादांसह.

ओरॅकच्या मागे मात्र लागू नका. एखादा पदार्थ ऑक्सिडीकरण किती रोखतो, याचा तो परीक्षानळीतला आकडा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांची ओरॅक यादी प्रसिद्ध केली होती आणि 2012 साली ती संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण या आकड्याचा शरीरातील परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि विक्रेते त्याचा जाहिरातीसाठी वापर करत होते.

अँथोसायनिन आम्लात स्थिर राहते, उष्णतेने आणि उजेडाने नासते. चमचाभर आगळात (भिरंडाच्या खारवलेल्या रसात) चिमूटभर खाण्याचा सोडा टाकल्यास लाली जाऊन काळपट निळसर छटा येते, ती यामुळेच. पावसाळ्यापूर्वी घरोघरी भरून ठेवलेले आगळ याच आम्लतेमुळे रंग टिकवून असते. त्यात मीठ खूप असते, हे रक्तदाब असणाऱ्यांनी विसरू नये, आणि बाजारातील अमृत कोकम म्हणजे बव्हंशी साखरेचा पाक असतो. नारळाच्या रसातील सोलकढी, पाण्यातले साधे सार किंवा आख्खी जांभळे-करवंदे हे सगळे अन्न म्हणून उत्तमच आहे.

प्रश्न : काजूच्या हंगामात आमच्याकडे हुर्राक (काजूची दारू) घेतात. सोबत भिरंडाचे सरबत किंवा बोंडवांचा (काजूच्या फळांचा) ताजा रस, म्हणजे निरो, घेतला, तर यकृताला बाधा होत नाही असे जाणती माणसे सांगतात. यात तथ्य आहे का? – एक वाचक, बार्देश

उत्तर : नाही. निरोत क जीवनसत्त्व भरपूर असते, पण मद्याने होणारी हानी केवळ ऑक्सिडीकरणाची नसते. यकृत मद्याचे प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवते, ते प्रथिनांना चिकटून त्यांना निकामी करते; त्याच वेळी पेशीतील रासायनिक तोल बदलल्यामुळे चरबी जळायची थांबते आणि साठू लागते. सरबताने यातले काहीच थांबत नाही. हुर्राक पहिल्या धारेचा आणि फेणीहून सौम्य असतो, म्हणून तो दुपारपासून रात्रीपर्यंत पेल्यामागून पेले घेतला जातो, आणि यकृताला हिशेब एकूण मद्याचाच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक नसल्याचे स्पष्ट केले आहे.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट येथे सांगणे मला आवश्यक वाटते. दुसऱ्या दिवशी डोके धरले की अनेक जण पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेतात. या औषधाचा थोडा भाग यकृतात विषारी रूप घेतो आणि ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करते. नियमित मद्यपान करणाऱ्यांत ते विषारी रूप अधिक बनते आणि ग्लुटाथायोनचा साठा तोकडा असतो. निरोगी प्रौढासाठी दिवसाला 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. रोज पिणाऱ्याने ती आपल्यासाठी आहे असे समजू नये आणि डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्यावी. चुकून जास्त मात्रा गेली, तर एन-अ‍ॅसिटिल सिस्टिन देतात, ज्यापासून यकृत पुन्हा ग्लुटाथायोन बनवते. अँटिऑक्सिडंटच्या साऱ्या कथेत निर्विवादपणे प्राण वाचवणारे हे उदाहरण आहे. परंतु ते 8 तासांच्या आत मिळाल्यास सर्वांत गुणकारी ठरते आणि ते रुग्णालयात मिळते. बरे वाटत आहे म्हणून घरी थांबू नये, कारण पहिल्या दिवशी रुग्णाला फारसा त्रास होत नाही आणि यकृताची हानी नंतर उघड होते.

प्रश्न : वजन कमी करण्यासाठी मी ऑनलाइन मागवलेल्या गार्सिनियाच्या कॅप्सूल दोन महिने घेत आहे. गार्सिनिया म्हणजे आपले भिरंडच, तेव्हा त्यापासून अपाय होणार नाही ना? – एक वाचक भगिनी, म्हापसा

उत्तर : कुळ एकच आहे, पण या कॅप्सूल बहुधा भिरंडाच्या नसून मलबारी चिंचेच्या अर्काच्या असतात. दोन्हींत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते. फरक मात्रेचा आहे. सारात पडणारी चार आमसुले आणि रोज घेतला जाणारा तीव्र अर्क यांची तुलना होऊ शकत नाही. अशा अर्कांमुळे यकृताला तीव्र सूज आल्याच्या आणि क्वचित यकृत प्रत्यारोपण करावे लागल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. ग्रीन टीचेही असेच आहे : चहा प्यायल्याने काही बिघडत नाही, पण त्यातील ईजीसीजी हे द्रव्य पूरक आहारातून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा अधिक गेल्यास यकृताची विकरे रक्तात वाढू शकतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये नमूद केले.

आपण कॅप्सूल आजपासून थांबवाव्यात आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना जाणे किंवा अंगाला खाज सुटणे यांपैकी काही जाणवत असेल, तर तपासणी उद्यावर ढकलू नये आणि काविळीवरचे झाडपाल्याचे औषध मध्येच सुरू करू नये, कारण मग कोणत्या वस्तूने बाधा केली हे ओळखणे अवघड होते. डॉक्टरांकडे जाताना कॅप्सूलची बाटली लेबलासह सोबत न्यावी. अशा उत्पादनांत तीन-चार अर्क एकत्र असतात आणि ते बारीक अक्षरांत मागच्या बाजूस छापलेले असतात.