विधीत एकाच्या अंगावर जे येते ते जवळच्या माणसांच्या शरीरातही उमटते का?

हो, उमटते, निदान हृदयाच्या ठोक्यांत तरी. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या छोट्या गावात दरवर्षी 23 जूनच्या रात्री लोक अनवाणी निखाऱ्यांवरून चालतात, बरेच जण पाठीवर आपल्या जिवाभावाचे माणूस घेऊन. इवाना कोन्वालिन्का, दिमित्रिस झिगालाटास आणि सहकाऱ्यांनी तिथे चालणाऱ्यांच्या आणि प्रेक्षकांच्या हृदयगतीची नोंद घेतली. ते संशोधन 2011 साली प्रसिद्ध झाले. चालणाऱ्याच्या हृदयगतीचा चढउतार त्याच्या नातेवाईक-मित्रांच्या हृदयगतीशी जुळत होता. तेच दृश्य तिथेच बसून पाहणाऱ्या अनोळखी पाहुण्यांशी मात्र तसा जुळला नाही. मला हा फरकच सर्वात महत्त्वाचा वाटतो. प्रेक्षक बसलेले होते, त्यामुळे एकत्र नाचल्याने किंवा एका तालावर हालचाल केल्याने ठोके जुळले असे म्हणता येत नाही. नुसता आवाज, गर्दी आणि आग एवढेच कारण असते, तर पाहुण्यांचे हृदयही तसेच धावले असते. आपले माणूस निखाऱ्यांवर पाऊल टाकणार ही जाणीवच शरीराला हलवत असावी.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. निखाऱ्यांवरून चालणे म्हणजे आपल्याकडचे ‘अंगात येणे’ नव्हे. चालणारा शुद्धीवर असतो. त्यामुळे हा निष्कर्ष देवीच्या जागरात घुमणाऱ्या बाईला आणि तिच्या घरच्यांना जसाच्या तसा लावू नये. शिवाय ठोके जुळले म्हणजे एकाच्या शरीरातून दुसऱ्यात काही शक्ती गेली, असेही यातून सिद्ध होत नाही.